प्रेक्षकाला रेड कार्ड

पहिल्या भेटीत मी त्याला रेड कार्ड दाखवलं. दुसऱ्या भेटीत त्याने विचारलं, बंदी किती मॅचची आहे. तिसऱ्या भेटीपर्यंत मामला माझ्या हातातून गेला होता, पण हे कळायला मला अख्खा सीझन लागला.

डिसेंबरातला रविवार होता. परदेशीपुऱ्यात जुन्या मिलमागचं मैदान, गवतावर दव, जिल्हा लीगची मॅच आणि शिट्टी माझ्या गळ्यात. मी सुरुची. सोमवार ते शुक्रवार विजयनगरच्या एका ऑफिसात एचआर आहे, म्हणजे लोकांना हसून 'नाही' म्हणते. शनिवार-रविवार फुटबॉलची रेफरी, म्हणजे तेच काम न हसता करते.

परदेशीपुऱ्याच्या शामने चेंडू मारला. समोरचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल रिकामा, चेंडू अगदी निवांत आत चाललेला. तेवढ्यात गोलच्या खांबाशेजारी रेषेबाहेर उभा असलेला एक उंच माणूस, उजव्या हातात कचोरी घेऊन, आडवा उडाला. डाव्या हाताने चेंडू बाहेर ढकलला, मातीत लोळला, उठला. आधी कचोरीकडे बघितलं. शाबूत होती. मग आजूबाजूला बघितलं.

"सॉरी," तो म्हणाला. "सवय हो."

नियम सांगतो, की बाहेरच्या माणसाने चेंडू अडवला तर गोल नाही. खेळ थांबवा, चेंडू खाली टाका, पुन्हा सुरू करा. मी तसंच केलं. बावीस खेळाडू आणि मैदानातला एक कुत्रा, सगळे माझ्याविरुद्ध एक झाले. नियम हेही सांगतो, की प्रेक्षकाला कार्ड देता येत नाही. मला हे माहीत होतं. मी हे नवीन पोरांना शिकवते. पण त्या माणसाने माझ्याकडे असं काही शांतपणे बघितलं... की माझा हात आपोआप खिशात गेला आणि लाल कार्ड घेऊन वर आला.

त्याने कार्डाकडे बघितलं. मान झुकवली. आणि वाद न घालता गेटबाहेर चालता झाला, कचोरीसकट. आमच्या लीगमध्ये असा शिस्तीचा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

पुढच्या रविवारी कंपाउंडच्या भिंतीवर एक डोकं दिसलं. हाफ-टाइमला जाऊन बघते तर हा पलीकडे स्कूटरच्या सीटवर उभा.

"हे काय चाललंय?"

"बंदी आहे नव्हं मला. किती मॅचची, तेवढं सांगायचं राहिलंय तुमचं."

"प्रेक्षकांवर बंदी नसते."

"मग कार्ड का दिलंत?"

रेफरीला उत्तर नसलं की ती निर्णय देते. "दोन मॅच," मी म्हटलं.

"अपील?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि सेकंड हाफ नीट दिसावा म्हणून टाचा उंच केल्या. वाऱ्याने त्याचा शर्ट फुगत होता. मी शिट्टी वाजवली, ती वेळेच्या थोडी आधीच वाजली.

दोन मॅच झाल्यावर तो गेटमधून आत आला, तो शहराबाहेरच्या राऊ गावातल्या कॉलेजच्या टीमचा नवा कोच म्हणून. नाव सुशांत. कोल्हापूरचा. सतराव्या वर्षी घर सोडून गोलकीपर झाला आणि त्यानंतर नऊ क्लबांत खेळला. गोवा, कोलकाता, शिलाँग, ऐजॉल, मग मालदीव, ओमान, आणि शेवटी फिनलंडमधलं एक गाव, जिथे सरावाआधी गोलची जाळी बर्फातून उकरून काढावी लागे. खांदा गेला तेव्हा कोच झाला. इतकी वर्षं मराठी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्याची मराठी सतराव्या वर्षीच थांबलेली.

हे सगळं मला पोह्यांच्या दुकानात कळलं. आता, रेफरीने कोचबरोबर खायला बसायचं नसतं. ते मी पाळलं. राऊतल्या त्या दुकानात दोन बाकं एकमेकांना पाठ लावून आहेत. मी एका बाकावर बसायचे, तो दुसऱ्यावर. पाठीला पाठ. मी रस्त्याकडे बघून बोलायचे, तो भट्टीकडे बघून. दुकानदाराला वाटायचं दोघंही एकटे बडबडून राहिले आहेत. तो आम्हाला शेव जास्त घालायचा, दयेने.

"नऊ क्लब," मी रस्त्याला म्हटलं. "मग मी तुमचं नाव कसं नाही ऐकलं?"

"कारण मी सगळीकडे दोन नंबरचा गोलकीपर. एक नंबरवाल्याला काही झालं तरच खेळायचं. आणि ते लोक लई तब्येतीचे असतात हो मॅडम. कुणाला सर्दीसुद्धा होत नव्हती."

"मग करत काय होतात?"

"बेंचवर बसायचं. पण रोज सराव असा करायचा, की आज आपणच खेळणार. बूट बांधायचे, ग्लोव्ह्ज घालायचे, ओरडून घसा तयार करायचा. 'सोडा, माझा बॉल!' हे मला नऊ भाषांत येतं. त्यातल्या सहा भाषांत पाणी मागता येत नाही."

"दुःख नाही वाटलं?"

पाठीमागे चमचा ताटलीत फिरत राहिला.

"वाटायचं. पण तयार असायला कोणी बंदी घातली नव्हती."

हे वाक्य माझ्या पोह्यांत पडलं आणि तिथेच राहिलं. कारण माझी गोष्ट अशी, की मला नॅशनल पॅनलची रेफरी व्हायचं होतं. त्यासाठी एक मॅच असेसरसमोर, म्हणजे परीक्षकासमोर, करावी लागते. एका वर्षी धावण्याच्या टेस्टला मांडीचा स्नायू गेला. दुसऱ्या वर्षी असेसरच आला नाही. या वर्षी लीगची फायनल बघायला दिल्लीचे असेसर येणार होते. पुढच्या वर्षी माझं वय मर्यादेबाहेर जात होतं. आई घरात स्थळांची बात काढायची आणि मी म्हणायचे, फायनलनंतर. आईला वाटायचं परीक्षा आहे कसलीतरी. बरोबरच होतं.

"मग यंदा करायचंच," तो भट्टीला म्हणाला.

"करणारच आहे," मी एका टेम्पोला म्हटलं.

त्यानंतर मी राऊच्या मॅचेस अशा काही काटेकोर घेतल्या, की त्याच्या टीमच्या पोरांना माझी शिट्टी स्वप्नात ऐकू येऊ लागली. एकदा मॅच संपल्यावर तो हात मागे बांधून माझ्याजवळ आला.

"मॅडम, एक तक्रार आहे."

"बोला."

"तुम्ही माझ्यावर जरा जास्तच निःपक्षपाती आहात."

मी हसले नाही. बूट बांधायला खाली वाकले आणि तिथे हसले.

सेमीफायनलच्या दिवशी मावठा आला. जानेवारीतला तो बारीक, थंड, हट्टी पाऊस. मैदानाचा चिखल, शिट्टीत पाणी, राऊविरुद्ध सिमरोल. सिमरोलचा एक पोरगा राऊच्या गोलसमोरच्या डी-मध्ये घसरून पडला. कोणी हातही लावला नव्हता. मला दिसलं, की हात लावला नाही. आणि त्याच क्षणी मनात आलं... नाही दिली तर लोक म्हणतील सुशांतकडे झुकली. माझी शिट्टी वाजली. पेनल्टी.

राऊ कसंबसं जिंकलं. पत्र्याच्या शेडखाली मी उभी होते, केसांतून पाणी टपकत होतं. तो आला. त्याने खांद्यावरचा टॉवेल मधल्या खुर्चीवर ठेवला आणि दोन पावलं मागे गेला. मी घेतला. नियमात टॉवेलबद्दल काही लिहिलेलं नाही.

"पेनल्टी नव्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग...?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो उत्तराची वाट बघत होता, घाई न करता, जसं वाट बघण्यात त्याचं शिक्षण झालं होतं. मी टॉवेलमध्ये तोंड घातलं आणि तिथल्या अंधारात मला सगळं स्वच्छ कळलं.

फायनल माझी होती. फायनलमध्ये राऊची टीम होती. आणि राऊच्या कोचसमोर मला आता चेंडू नीट दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी असोसिएशनच्या ऑफिसात गेले. अप्पासाहेब सचिव आहेत. मी शाळेत असल्यापासून मला ओळखतात, आणि लीगमधलं प्रत्येक भांडण त्यांनी चहा पाजून मिटवलेलं आहे.

"सर, रेफरीचा आणि कोचचा संबंध असेल तर मॅच घेता येत नाही ना?"

"नाही येत. काय झालं बेटा, कोणाशी रिश्ता जुळला काय?"

"रिश्ता नाही. भावना आहे."

"कोणाची?"

"माझी."

"आणि समोरच्याची?"

"विचारलं नाही."

अप्पासाहेबांनी चष्मा काढला. "हे बघ बेटा. आपल्याकडे रूल रिश्त्याचा आहे. भावनेचा नाही. एका साइडनेच असेल तर तो तुझा पर्सनल मामला झाला. संभाळ आणि फायनल कर. दोन्ही साइडने असेल तर मात्र बात खतम. फायनल दुसऱ्याला." आणि मी थांबवायच्या आत त्यांनी फोन उचलला. "हां, सुशांत भिया? जरा ऑफिसात या. एक माहिती पाहिजे."

तो येईपर्यंत मी पंख्याकडे बघत बसले. हिशोब सरळ होता. त्याला मी आवडत नसेन तर फायनल माझी. आवडत असेन तर गेली. जगात कोणत्याच मुलीला असा सौदा कोणी दिला नसेल, आणि दिलाच तर सोबत सचिव तरी बसलेले नसतील.

सुशांत आला. अप्पासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पाणीपट्टीची चौकशी करावी तशा आवाजात सगळं समजावून सांगितलं. माझी भावना, रूल, फायनल, दिल्लीचे असेसर. मी मेले होते. फक्त बसलेली होते.

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या मनात त्यांच्याविषयी तशा स्वरूपाची कोणतीही भावना नाही," तो म्हणाला.

"बस. झालं," अप्पासाहेब म्हणाले. "फायनल तुझी, बेटा."

मला रडू यायला हवं होतं. पण मी इतकी वर्षं डी-मध्ये खोटं पडणारे लोक बघितलेत. हात न लागता कोसळणारे, पाय धरून कळवळणारे, आणि एका डोळ्याने रेफरीकडे बघणारे. शुद्ध, पुस्तकी, एकही 'नव्हं' नसलेलं ते वाक्य ऐकलं आणि माझा हात पर्समध्ये गेला. मी पिवळं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं.

"हे काय?" अप्पासाहेब दचकले.

"खोटं पडलाय, सर."

"मॅडम, फायनल आहे तुमची," सुशांत खाली बघत पुटपुटला. "वय जातंय. एवढ्यासाठी कशाला..."

"सरांनी तो प्रश्न विचारलेला नाही. जो विचारलाय त्याचं उत्तर द्या."

"उत्तर दिलं तर मॅच जाती तुमची."

"माझी आहे. मी घालवीन. तुम्ही नाही घालवायची आणि तुम्ही वाचवायचीही नाही."

पंखा कुरकुरला. त्याने मान वर केली. तेच शांत डोळे, पण आता शांत नव्हते.

"आहे," तो म्हणाला. "लई आहे. भिंतीवर चढून मॅच बघत होतो तेव्हा मॅच कोण बघत होतं?"

मग अप्पासाहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "अरे देवा. दोन्ही साइडने. गेली फायनल."

"गेली," मी म्हटलं. निर्णय झाल्यावर मी निर्णय बदलत नाही. "मग मला तिसऱ्या नंबरची मॅच द्या."

"ती होते कुठे बेटा? टॉस करतात आणि कचोरी खायला जातात."

खरं होतं. आमच्या लीगमध्ये सेमीफायनल हरलेल्या टीम्स तिसऱ्या नंबरसाठी खेळतच नाहीत. नाणं उडवून ठरवतात. अशी प्रथा आहे आणि सगळे ती मनापासून पाळतात.

"झाली तर? असेसर सकाळीच येत आहेत. बघतील?"

"मॅच असेल तर बघतील. त्यांना दुपारपर्यंत दुसरं काम काय?"

परदेशीपुऱ्याची टीम दुसरी सेमीफायनल हरली होती. मी आधी शामकडे गेले.

"हरलेल्यांची मॅच कोण बघतं?" तो म्हणाला. "आणि मॅडम, त्या दिवशीचा माझा गोल परत देणार काय?"

"नाही. पण दिल्लीचा माणूस बघणार आहे."

शामने थोडा विचार केला. "जर्सी इस्त्री करावी लागेल," तो म्हणाला.

सिमरोलला गेले. त्यांचा कॅप्टन देवांश तयार झाला, पण हात चोळत उभा राहिला. "गोलकीपर नाही मॅडम. रविवारी लग्न आहे."

"कोणाचं?"

"त्याचंच."

परतताना मी सुशांतच्या स्कूटरवर मागे बसले होते. मॅडमवरून सुरुचीवर आम्ही सिमरोलला जाताना आलो होतो. सुशांत मागे वळून म्हणाला, "मी उभा राहतो गोलमध्ये."

"तू उभा राहिलास तर मी रेफरी नाही."

"व्हय की," तो म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर, "त्यांच्यात तो धिप्पाड बंटी आहे नव्हं, बॅक खेळणारा... त्याचे हात मोठे आहेत."

"कोणाचे हात मोठे आहेत हे मला सांगू नकोस. काय करतोस तेही सांगू नकोस. नाहीतर मला परत अप्पासाहेबांकडे जावं लागेल."

"मी काहीच बोललो नाही," तो म्हणाला. त्याच्या पाठीतून हसू माझ्या हातांपर्यंत येत होतं.

रविवारी सकाळी असेसर खुर्चीवर बसले, एकटेच. बाकी प्रेक्षक अप्पासाहेब आणि तोच कुत्रा. दोन हरलेल्या टीम्स मैदानात उतरल्या आणि मी शिट्टी वाजवली, जशी लाखभर लोकांसमोर वाजवतात तशी. पहिल्याच कॉर्नरला सिमरोलचा बंटी गोलमधून पुढे धावला आणि काहीतरी असं ओरडला, जे मराठी, हिंदी, माळवी कशातच बसत नव्हतं. परदेशीपुऱ्याची पोरं जागीच थांबली. मी ते फिनिश असल्याचं ओळखलं नाही. ओळखायचं नाही असं ठरवलंच होतं.

शेवटची मिनिटं, शून्य-शून्य. कॉर्नर आला. गर्दीत बंटीने शामची जर्सी मागून धरली आणि सोडली. क्षणभरच. शामलासुद्धा कळलं नाही. कोणी अपील केलं नाही. बंटीला कोणी शिकवलं होतं ते मला माहीत होतं, आणि मला चेंडू, जर्सी, हात, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी पेनल्टी दिली.

शामने मारली, गोल झाला. त्याचा जुना गोल मी परत दिला असं तो अजून सांगतो. मी दिलेला नाही.

मॅचनंतर असेसरांनी मला बोलावलं. "पेनल्टी किसी ने माँगी नहीं थी."

"पेनल्टी थी, सर. इसलिए दी."

त्यांनी मान हलवली आणि जेवायला कुठे जावं ते विचारलं. दुपारच्या फायनलला मी प्रेक्षकांत बसले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि रेफरीवर इतकी ओरडले की अप्पासाहेबांनी मला पाणी पाठवलं. राऊ हरलं. सुशांत हरलेल्या पोरांना एकेकाला उठवत होता, चिखल झटकत होता, मधूनच माझ्या दिशेने बघत होता. मी बघू दिलं. आता चालत होतं.

आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं. "गोलकीपर?" आई म्हणाली. "मतलब कमावतो काय?" मग तो घरी आला, दोन वाट्या आमटी प्यायला, आणि आईने प्रश्न मागे घेतला.

एप्रिलमध्ये दिल्लीहून कळलं. मी पॅनलवर होते. पहिली मॅच कोलकात्याला. त्याच आठवड्यात राऊच्या कॉलेजने सुशांतला अजून तीन वर्षं थांबाल का विचारलं, आणि घर सोडल्यापासून ज्याने कुठल्याच गावात दुसरा हिवाळा बघितला नव्हता, तो हो म्हणून आला.

निघायच्या दिवशी त्याने मला कोलकात्याची सगळी माहिती दिली. कोणत्या मैदानाच्या ड्रेसिंग रूमचा नळ गळतो, कुठला मासा खायचा, कुठे उन्हात उभं राहायचं नाही. विमानतळावर त्याने माझी बॅग खांद्याला लावली आणि बोलत बोलत सरळ गेटमधून आत चालला. जवानाने हात आडवा केला.

"टिकट?"

सुशांतने खिसे चाचपले. मग थांबला. इतकी गावं, इतके विमानतळ, आणि दाराबाहेर राहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याने बॅग हळूच माझ्या हातात दिली.

"सुरुची... मागं राहणाऱ्याने काय करायचं असतं?"

"इथे उभं राहायचं. मी वळून बघेन तेव्हा हात हलवायचा. मग घरी जायचं, जेवायचं, आणि रविवारी मला घ्यायला यायचं."

"तेवढंच?"

"तेवढंच. पण अवघड असतं म्हणतात."

"जमवतो," तो म्हणाला, आणि जबडा असा घट्ट केला जसा पेनल्टी अडवायला उभा आहे.

मी आत गेले. वळून बघितलं, तो हात हलवत होता. रांगेत लागून पुन्हा वळले, तरी हलवतच होता. काउंटरपाशी तिसऱ्यांदा वळले, तेव्हा जवानाने त्याला स्वतःची खुर्ची आणून दिली होती, आणि तो बसायला तयार नव्हता.